दिवस मावळायच्या आत

डॉ. हुपरीकरांनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या आणि शेजारी एक मोसंबी ठेवली.

“हातात घेऊन बघा. टोचायचं ते या मोसंबीला टोचा, आणि मग ठरवा,” ते म्हणाले.

मी बाजारात वांगी घेतानाही देठ उचलून बघणारी. त्यामुळे डॉक्टरांची ही पद्धत मला आवडली. पहिली वस्तू होती सिरिंज. आठवीत असताना मधुमेह झाला तेव्हापासून आमची ओळख. इन्सुलिनची बाटली उलटी धरायची, ओढायचं, टिचकी मारून बुडबुडा घालवायचा, टोचायचं. दुसरं होतं पेन. दिसायला अगदी शाईचं पेन. मागची चकती फिरवली की टिकटिक करत आकडा चढायचा. शाळेत नेलं असतं तर पोरींनी सही मागितली असती. तिसरा पंप. काडेपेटीहून थोडा मोठा, राखाडी, त्याला एक बारीक नळी. नळीच्या टोकाची नरम काडी कातडीखाली सारून वरून चिकटवायची, तिसऱ्या दिवशी बदलायची. बाकी वेळ हा प्राणी कमरेला.

डॉक्टरांनी तिन्हींचे गुण-दोष मुलगी दाखवायला आल्यासारखे सांगितले. सिरिंज साधी, पण हात चुकला की मात्रा चुकते. पेन सोयीचं, कुठंही घ्या. पंप दिवसभर थेंब थेंब देत राहतो. जेवताना तेवढं बटण दाबून जास्तीचं घ्यायचं. “सुई आणि पेन तुम्ही टोचलंत तरच काम करतात,” ते म्हणाले. “पंपाचं तसं नाही. तुम्ही विसरलात तरी तो विसरत नाही.”

“हे चांगलं का वाईट?” मी विचारलं.

तेव्हा मी इचलकरंजीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. संध्याकाळी शिकवणी, नऊ वाजता खानावळीत जेवण. साखर कधी आभाळात, कधी पाताळात. वर्गात पृथ्वी फिरवून दाखवताना मीच दोनदा फिरून पडले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही कान उपटले होते. पंप मला हवा होता, पण विकत घ्यायची ऐपत नव्हती. हुपरीकर म्हणाले की एक पंप आहे, वापरलेला, चांगला. ज्यांचा आहे त्या तो अमुक एका अटीवर द्यायला तयार आहेत आणि आत्ता बाहेरच बसल्यात.

त्या सुमतीकाकू. बारीक अंगाच्या, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. त्यांनी आधी माझं वय विचारलं, मग गाव, मग जेवता किती वाजता. नऊ म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. पंप त्यांच्या मुलीचा, त्रिशलाचा. ती वारली त्याला वर्ष होत आलं होतं.

“तिनं त्यात स्वतःचं लावून ठेवलंय,” काकू म्हणाल्या. “ते पुसायचं नाही. एवढं एकच मागणं.”

पंपात दोन कप्पे होते. कुठल्या वेळी किती थेंब सोडायचे ते प्रत्येक कप्प्यात वेगळं लावता यायचं. डॉक्टर जरा घुटमळले. मग म्हणाले, पहिल्यात तिचं राहू दे, दुसऱ्यात तुमचं लावतो, काडी बदलली की पंप आपोआप दुसऱ्यावरच येईल, अडचण काही नाही. मलाही काही वाटलं नाही. मेलेल्या माणसाचं घड्याळ लोक वापरतातच की.

काडी खुपसून घ्यायला मी भीत होते, तेही पाठीकडे, कमरेच्या मांसल भागात, जिथं आपला डोळा पोचत नाही. काकूंचा हात त्रिशलामुळे बसलेला. तेव्हा असं ठरलं की दर तिसऱ्या दिवशी शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायचं आणि शिकवणीच्या आधी त्यांनी मला नवी काडी बसवायची.

काकूंचं घर यंत्रमागांच्या शेडला लागून होतं. नवऱ्याच्या पश्चात त्यांनी माग भाड्यानं दिले होते आणि स्वतः मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. भिंतीपलीकडे दिवसभर खडखडखडखड. बोलायचं तर ओरडून, नाहीतर खुणांनी. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, काकू पाठीमागं बसून काम करायच्या. माझ्या डोळ्यांसमोर भांड्यांची फळी. ताटं, वाट्या, तांबे, सगळं घासून लखलखीत.

काम झालं की त्या खुणेनं विचारायच्या, जेवतेस का? त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायचा नियम. त्यांचं स्वतःचं तर एकाशन, दुपारी एकदाच जेवण. पण मला वाढायची त्यांना फार हौस. मी घड्याळ दाखवून सटकायची.

पहिल्या आठवड्यातच ते सुरू झालं. शिकवणीला पोरी नकाशा काढत होत्या. खिडकीतून ऊन तिरकं होऊन भिंतीवर चढलं होतं. अचानक माझ्या कमरेशी काहीतरी गुरगुरलं. मांजर मांडीवर बसून गुरगुरतं तसं, पण आवाज जवळजवळ नाहीच. मी पदराआडून पंप काढून बघितला. पडद्यावर नुसतं घड्याळ. मग भूक लागली. अशी भूक मला कधी लागली नव्हती. मला ठाऊक असलेली भूक पोटातून येते. ही बाहेरून आल्यासारखी, कुणीतरी माझ्यात बसून हाका मारल्यासारखी. हात कापायला लागले. तिथंच शेजारच्या खोलीत मोमीनबाई गणिताची शिकवणी घ्यायच्या. त्यांनी पळत येऊन माझ्या तोंडात गूळ कोंबला.

हे पुन्हा झालं, आणि पुन्हा. दर वेळी ऊन भिंतीवर त्याच उंचीला चढलं की. मोमीनबाई रोखठोक. “अगं, दुसऱ्याचा चष्मा लावला तर डोकं दुखतं,” त्या म्हणाल्या. “तू तर दुसऱ्याचं पोट लावून फिरतेस.” मी त्यांना हसण्यावारी नेलं. भूगोलाची मास्तरीण मी, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला काय झालं होतं?

मग डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. आदल्या दिवशीच काडी बदलली होती, तरी काकू म्हणाल्या, डॉक्टरांकडे जातेस तर सकाळी येऊन नवी बसवून जा, ताजं बरं असतं. तशी मी गेले. डॉक्टरांनी पंप हातात घेतला, बटणं दाबली. दुसराच कप्पा चालू होता, माझा. मात्राही त्यांनी लावलेलीच. “तुम्ही दमताय, शिकवण्या कमी करा,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर काकूंनी नेहमीची काडी बदलली आणि मी तिथून शिकवणीकडे निघाले. वाटेत ती गुरगुर झाली. पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते असं की मी काकूंच्या दारात उभी आहे, घामानं निथळतेय, आणि शिकवणीची जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. दार उघडंच होतं. पाट मांडलेला, ताट वाढलेलं. भाकरीतून वाफ येत होती.

“आलीस? बस,” काकू म्हणाल्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

मी अधाशासारखी जेवले. ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, मुगाची आमटी. कांदा नाही, लसूण नाही. एरवी मी असल्या जेवणाला नाक मुरडलं असतं. सवयीनं पंपाकडे हात गेला, जेवणाचं बटण दाबायला. काकूंनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

“दाबू नकोस. काही लागत नाही,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या.

मी घाबरत घाबरत तसंच ठेवलं. दोन तासांनी बोट टोचून रक्त तपासलं, तर साखर शाळेच्या घंटेसारखी जागच्या जागी. इतकी वर्षं मधुमेह काढलेल्या बाईला कळतं की हे होत नसतं. भाकरी खाल्ली की इन्सुलिन लागतं, मग ती कुणाच्याही हातची असो. तरी झालं होतं खरं.

मग मी रोज जायला लागले. खोटं कशाला सांगू, बरं वाटायला लागलं होतं. शिकवणी उशिरा ठेवली. ऊन तिरकं झालं की कमरेशी गुरगुर, मग पाय आपोआप मागांच्या आवाजाकडे. जेवायचं, बटण दाबायचं नाही, आणि साखर सरळ. काकू समोर बसून मी घास कसा घेते ते बघायच्या. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलायचे. ताटाच्या मधोमध नाव कोरलेलं होतं. वाढलेलं असताना ते दिसायचं नाही. मी जेवत जायची तसतसं खालून एकेक अक्षर वर यायचं: चि. त्रिशला. जेवण संपलं की ताटात तेवढं नाव उरायचं, आणि काकू ते उचलून धुवायला न्यायच्या.

मला चुलीपाशी बसून एकदा जाणवलं की मी डाव्या हातानं पाणी पितेय. मी तसं कधी पीत नाही. काकूंनी तांब्या माझ्या डाव्या बाजूला ठेवला होता, एवढंच. पण त्या दिवसापासून मला त्या घरात आरशात बघायला नको वाटायचं.

तिची चौकशी मी एकदाच केली. कशानं गेली? काकूंनी कानाला हात लावून मागांच्या आवाजाकडे बोट दाखवलं. ऐकू आलं नाही म्हणे.

तो दिवस माग बंद असण्याचा होता. आठवड्याची सुट्टी. मला गावी गडहिंग्लजला जायचं होतं, चुलतबहिणीची हळद होती. पाचची एसटी. काडी बदलायची म्हणून मी चारलाच काकूंकडे गेले, पिशवी घेऊन. आज जेवायला नाही, गावी जातेय, असं मी दारातच सांगितलं. आणि ओरडून सांगितलं, कारण सवय. माझाच आवाज मला केवढ्यानं तरी ऐकू आला. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

“जेवून जा की,” काकू म्हणाल्या.

“काकू, गाडी चुकेल.”

“सूर्य अजून वर आहे. जरा थांबशील तर दोन घास होतील.”

मी नाही म्हटलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, भांड्यांच्या फळीसमोर. पाठीमागं त्यांनी जुनी काडी काढली, कापसानं पुसलं, नवी बसवली. बसवताना खट असा आवाज झाला. चिकटपट्टीवर अंगठा फिरला. झालं, काम संपलं. मी पदर सारखा करणार, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. टिक. थोडं थांबून, टिक. टिक.

बटणांचा आवाज. इतके महिने मागांच्या खडखडाटात तो मला कधी ऐकूच आला नव्हता. काडी बसवायला बटण लागत नाही, हे मला माहीत होतं.

फळीवरच्या एका ताटात मला काकू दिसल्या. वाकड्यातिकड्या, पण दिसल्या. त्यांनी पंप दोन्ही हातांत धरला होता आणि अंगठा त्यावरून मायेनं फिरवत होत्या. त्यांनी तो पदराच्या टोकानं पुसला आणि हळूच माझ्या कमरेला अडकवला.

मी वळले. पंप काढून पडदा बघितला. कोपऱ्यात एवढासा आकडा होता, मी कधी लक्ष न दिलेला. एक. पहिला कप्पा.

“काकू, हे काय केलंत?”

“तिची वेळ झाली ना,” त्या म्हणाल्या.

सगळं एकदम समजलं. त्यांच्याकडे जेवण कधी चुकत नाही म्हणून त्रिशलानं स्वतःच्या कप्प्यात दिवस मावळायच्या आत जेवणाचं इन्सुलिन आपोआप जाईल असं लावून घेतलं होतं. जेवायची आठवण म्हणून ती गुरगुर. बटण दाबायचा कंटाळा होता पोरीला. आणि दर तिसऱ्या दिवशी, मी भिंतीकडे तोंड करून उभी असताना, काकू मला तिच्या कप्प्यात घालत होत्या. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तेवढं बाहेर ठेवलं होतं. मी त्यांच्या ताटावर आले की जगायची. न आले तर भगवंताची मर्जी.

“आज मी येणार नव्हते,” मी म्हटलं. “दारातच सांगितलं तुम्हाला. एसटीत मला काही झालं असतं तर?”

“जेवून जा म्हटलं होतं की मी.”

एवढ्या सरळ सुरात म्हणाल्या की मला त्यांची भीती वाटली. भीती आणि राग. मी पाठीमागं हात नेऊन चिकटपट्टी ओढली, काडी उपसली. चुरचुरलं. पंप नळीसकट त्यांच्यासमोरच्या ताटात ठेवला. पाट मांडलेलाच होता आणि त्यापुढं ते रिकामं ताट.

काकू पंपाकडे बघत खाली बसल्या. मग आपण होऊन बोलायला लागल्या. भिंतीपलीकडे माग बंद होते, त्यामुळे हळू बोललेलंही ऐकू येत होतं.

त्रिशलाचं लग्न पुण्यात झालं. माणसं आपल्यातलीच, चांगली, पण तिकडे नियम उरला नव्हता. सगळे कामावरून आले की नऊला पानं घ्यायचे. तिनं फोन करून विचारलं, आई, इथं वेळ जमत नाही, मशीनमधलं बदलून घेऊ का? काकूंनी नको म्हणून सांगितलं. दिवसा जेवायचा नियम तिनं मुनिमहाराजांसमोर घेतला होता. बदलून घेतलंस म्हणजे नियम सुटला. तू नेटानं लवकर जेव, तुला बघून त्यांनाही सवय लागेल.

“नव्या घरात एकटीनं कसं वाढून घ्यायचं?” काकू म्हणाल्या. “लाजली असणार. जरा पडते म्हणून खोलीत गेली. दमली असेल म्हणून कुणी हाक मारली नाही. नऊला पानं वाढली, मग ती माणसं उठवायला गेली.”

इन्सुलिन वेळेवर गेलेलं आणि पोट नऊपर्यंत रिकामं. पुढचं सांगायची गरज नव्हती.

“सगळे म्हणाले मशीन बिघडलं असेल. मी म्हटलं, मशीन चांगलं आहे. तिनं लावलेलं बरोबर आहे. वेळेवर जेवलं की काही होत नाही. तू जेवतेस, तुला होतंय का काही? गाल भरलेत तुझे.” त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “बघ, तू आहेस ना. मग माझं चुकलं नव्हतं ना?”

मला ‘नाही चुकलं’ म्हणता आलं असतं. म्हातारीचं काय गेलं असतं आणि माझं काय गेलं असतं? पण तसं म्हटलं असतं तर तो पंप आणखी कुणाच्या तरी कमरेला गेला असता.

“चुकलं होतं, काकू,” मी म्हटलं.

मीठ मागितल्यावर हलवावी तशी त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. मी पिशवी उचलली, बाहेर येऊन चपला घातल्या. गाडी मिळण्यासारखी होती अजून. पिशवीत माझी जुनी सिरिंज आणि बाटली होती. ती मी कधीच टाकली नव्हती. अंगणात ऊन तिरकं होऊन शेडच्या भिंतीवर चढलं होतं. त्याच उंचीला.

आणि आतून आवाज आला. गुरगुर. यावेळी माझ्या कमरेशी नाही. स्टीलच्या ताटात पडल्यामुळे ती केवढी तरी मोठी झाली होती, अख्ख्या ताटाला कापरं भरलं होतं. मी दारातून वाकून बघितलं. पंप त्या कोरलेल्या नावावर थरथरत सरकत होता. नळीच्या तोंडातून एक थेंब निघाला आणि ताटात पडला. इन्सुलिनचा तो दवाखान्यासारखा वास खोलीभर झाला. थोड्या वेळानं दुसरा थेंब. काकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या, ताटाकडे पाठ करून.

“हो गं, हो. वाढते,” त्या म्हणाल्या. “थांब जरा, वाढतेच आहे.”

माझा पाय निघेना. मी उभी होते तिथंच राहिले, आणि वेशीकडून एसटीचा भोंगा ऐकू आला, मग तोही गेला. पहिली भाकरी तव्यावरून निघाली. काकूंनी ती हातावर घेतली, वळल्या, आणि ताटात कुठं ठेवावी ते न कळून तशाच उभ्या राहिल्या. भाकरी गरम होती. त्यांना हात भाजत असणार, पण त्यांनी ती सोडली नाही.

मी चपला काढल्या. आत गेले. पाटावर नाही, पाटाशेजारी जमिनीवर बसले. सिरिंज काढली, बाटली उलटी धरली, टिचकी मारून बुडबुडा घालवला, आणि त्यांच्यादेखत टोचून घेतलं.

“काकू, भूक लागलीय,” मी म्हटलं. “मला वाढा.”

त्या फळीपाशी गेल्या, पाठीमागं ठेवलेलं एक ताट ओढून काढलं, धुतलं, आणि भाकरी त्यात घालून माझ्यासमोर ठेवली. ते ताट जुनं होतं, कडेला चेमटलेलं. जेवून झाल्यावर मी नीट बघितलं. त्यावर नाव नव्हतं.